ग्राफीन घातलेलं इपॉक्सी: वाहणं किती बिघडतं, ताठपणा किती वाढतो?

भोसरीकर

नमस्कार मंडळी,

आमचं भोसरी एमआयडीसीत इपॉक्सीचं (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिनचं) काम आहे. काच आणि कार्बनच्या कापडात व्हॅक्यूम इन्फ्युजन (हवा ओढून कापडात रेझिन खेचणं), जोडीला थोडं कास्टिंग (साच्यात ओतणं). हल्ली येणारं गिऱ्हाईक रेझिनचा भाव विचारण्याआधी "ग्राफीन घालून देता का?" असं विचारतं. पावडर विकणाऱ्यांच्या पत्रकात लिहिलेलं असतं की अर्धा टक्का घाला, ताठपणा तीस टक्क्यांनी वाढेल. रेझिन वाहील कसं, यावर त्या पत्रकात एक ओळ नसते. आमचं सगळं काम त्या वाहण्यावर उभं आहे, म्हणून हा धागा काढतोय.

आधी आकडे बघू. ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकपदरी पापुद्रा. त्याचा सुटा थर २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टन्टिन नोवोसेलॉव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटवरून सोलून काढला. २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यासाठीच. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात असा एक थर छोट्या भोकावर ताणून, सूक्ष्म टोकाने दाबून त्याचा मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, मोजला गेला. तो आला सुमारे १००० गिगापास्कल. पोलादाचा २०० असतो, आणि आपल्या क्युअर झालेल्या (घट्ट होऊन घन झालेल्या) इपॉक्सीचा ३ च्या आसपास. एवढी तफावत पाहिली की चिमूटभर पावडरीत चमत्कार होईल असं कुणालाही वाटणारच.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकमधून एक निबंध आला. त्या गटाचे प्रमुख निखिल कोरटकर आयआयटी मुंबईत शिकलेले. इपॉक्सीत वजनाने फक्त ०.१ टक्का ग्राफीनचे पापुद्रे, आणि मॉड्युलस ३१ टक्क्यांनी वर, तन्यबल ४० टक्क्यांनी, फ्रॅक्चर टफनेस (भेग पसरण्याला विरोध) ५३ टक्क्यांनी. एकपदरी कार्बन नॅनोट्यूब तेवढ्याच घातल्या तर मॉड्युलस जेमतेम ३ टक्के वाढला होता. पत्रकांतले तीस टक्के बहुधा अशाच निबंधांमधून येतात.

आता हिशोब मांडू. ग्रॅफाइटची घनता २.२, इपॉक्सीची १.२. म्हणजे वजनाने ०.१ टक्का हे आकारमानाने ०.०५५ टक्के. हे सगळे पापुद्रे ओढण्याच्या दिशेने अगदी सरळ रचले, एकही वळलेला नाही, रेझिनची पकड शंभर टक्के, असं धरलं तरी त्यांची भर ०.०५५ टक्के गुणिले १००० म्हणजे ०.५५ गिगापास्कल. तीनावर ०.५५ म्हणजे १८ टक्के. ही वरची हद्द झाली. पापुद्रे सगळ्या दिशांना विखुरले असतील (आणि बादलीत तेच होतं) तर यातलं निम्मंच हाती लागतं.

मग ३१ टक्के आले कुठून? ते मोजमाप खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण एवढ्या कमी पावडरीने ती वाढ निव्वळ भार उचलून दिली, हे या हिशोबात बसत नाही. पापुद्र्यांच्या आसपासचं रेझिनच वेगळं क्युअर झालं असेल, किंवा मिसळण्याच्या प्रक्रियेने मूळ रेझिनच बदललं असेल. तसं असेल तर ती वाढ त्या रेझिनची, त्या हार्डनरची आणि त्या प्रक्रियेची आहे. माझ्या बादलीत ती आपोआप उतरणार नाही.

ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी लिहा. विशेषतः रेझिन घट्ट होण्याबद्दल.

---

मैत्रेयी_सांगली

दादा, धागा अगदी वेळेवर काढलात. मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्या गटाचा प्रोजेक्ट हाच. लापॉक्स एल-१२ रेझिन, के-६ हार्डनर, शंभराला दहा. ग्राफीन नॅनोप्लेटलेट (अनेक थरांचे बारीक पापुद्रे) पाव, अर्धा आणि एक टक्का. पावडर ॲसिटोनमध्ये सोनिकेट केली (अल्ट्रासाउंडने हलवून पसरवली), रेझिनमध्ये ओतली, ॲसिटोन उडवलं, हार्डनर घालून साच्यात ओतलं.

पाव टक्क्याला मॉड्युलस थोडा वर गेला, अर्ध्याला तिथेच राहिला, एक टक्क्याला साध्या इपॉक्सीच्याही खाली आला. सर म्हणाले, "ॲग्लोमरेशन झालं असं लिहा." ते लिहीन, पण मला ते पटवून घ्यायचंय. गुठळ्या झाल्या तरी गुठळी ही ग्रॅफाइटचीच ना? ग्रॅफाइट इपॉक्सीपेक्षा मऊ तर नाही. मग मॉड्युलस साध्या इपॉक्सीच्या खाली कसा जाईल?

आणि हो, एक टक्क्याचं मिश्रण ओतताना धार तुटत होती. चमच्याने ढकलावं लागलं.

---

जुना_रंगारी

मैत्रेयी, प्रश्न चांगला विचारलास. माझं आयुष्य रंगाच्या कारखान्यात गेलं, ठाणे-बेलापूर पट्ट्यात. ग्राफीन आमच्या काळी नव्हतं, पण कार्बन ब्लॅक, टाल्क, अभ्रक हे सगळं रेझिनमध्ये भिजवण्यात वर्षं घालवली. पावडर बदलली तरी भिजवण्याचे नियम तेच आहेत.

तुझं उत्तर बहुतेक हवेत आहे. ही पावडर इतकी हलकी असते की दहा ग्रॅम घेतली तरी फुलपात्र भरतं. त्या फुलपात्रातली बहुतेक जागा हवेची. ती हवा पावडरीबरोबर रेझिनमध्ये जाते. साध्या रेझिनमध्ये बुडबुडा वर येऊन फुटतो. घट्ट रेझिनमध्ये तो जागच्या जागी बसतो आणि तसाच क्युअर होतो. एक टक्का पोकळी राहिली की मॉड्युलस साधारण दोन टक्के खाली. तीन-चार टक्के पोकळी राहिली तर पावडरीने दिलेलं सगळं गेलं आणि वर पदरचं गेलं. तुटलेला नमुना दहापट भिंगाखाली धर. गोल, चकचकीत खळगे दिसले तर ती हवा. खडबडीत काळे ठिपके दिसले तर गुठळ्या.

दुसरा संशय ॲसिटोनवर. ते ५६ अंशांना उकळतं म्हणून लोक समजतात की गेलं. घट्ट रेझिनमधून शेवटचा थोडा भाग काढणं फार अवघड असतं. तो राहिला की इपॉक्सी मऊ पडतं. साध्या इपॉक्सीचा नमुना करताना तुम्ही ॲसिटोन घालून, सोनिकेट करून, तसंच उडवून घेतलं होतं का? नसेल तर तुलना दोन वेगवेगळ्या रेझिनची झाली, त्यात ग्राफीनचा वाटा किती हे सांगता येणार नाही.

---

प्रवाही

नमस्कार. माझं कामच ऱ्हिऑलॉजीचं (पदार्थ कसे वाहतात त्याचं) आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. भोसरीकरांच्या प्रश्नाचा गाभा असा आहे: व्हिस्कॉसिटी (वाहण्याला होणारा विरोध) पाचपट-दहापट वाढते आणि ताठपणा पाच-दहा टक्के, असं का? पापुद्रे तर तेच.

सुरुवात आइनस्टाइनपासून. १९०६ मध्ये त्यांनी द्रवात विखुरलेल्या कडक गोळ्यांमुळे व्हिस्कॉसिटी किती वाढते याचं गणित मांडलं, १९११ मध्ये त्यातला गुणक दुरुस्त केला. आकारमानाच्या प्रमाणाला २.५ ने गुणा, तेवढी वाढ. एक टक्का वजनाचं ग्राफीन हे आकारमानाने ०.५५ टक्के. ते जर गोळ्यांच्या आकाराचं असतं तर व्हिस्कॉसिटी जेमतेम दीड टक्का वाढली असती, मैत्रेयीला धार तुटलेली दिसलीच नसती. म्हणजे सगळा खेळ आकाराचा आहे.

बाजारातल्या नॅनोप्लेटलेटची नेहमीची मापं घ्या: रुंदी ५ मायक्रॉन, जाडी ६ ते ८ नॅनोमीटर. रुंदी भागिले जाडी सुमारे ७००. असा पापुद्रा द्रवात गिरकी घेतो तेव्हा स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक पट जागा व्यापतो. शेजारच्या पापुद्र्याची जागाही तीच. पातळ चकत्या यादृच्छिक पसरल्या तर त्या एकमेकींना भिडून सलग जाळं कधी होतं, याचं ढोबळ गणित असं की १.२७ ला या गुणोत्तराने भागा. ७०० ला उत्तर येतं आकारमानाने ०.१८ टक्के, म्हणजे वजनाने साधारण एक तृतीयांश टक्का. पाव टक्क्याला रेझिन वाहत होतं आणि एक टक्क्याला ढकलावं लागलं, कारण मध्ये कुठेतरी ही हद्द ओलांडली गेली.

आता मुख्य मुद्दा. आइनस्टाइनचंच गणित १९४० च्या दशकात स्मॉलवूड आणि गुथ यांनी रबरातल्या फिलरला (भर म्हणून घातलेल्या पावडरीला) लावलं, व्हिस्कॉसिटीच्या जागी मॉड्युलस ठेवून. म्हणजे वाहणं आणि ताठपणा यांचा पाया एकच आहे. फरक पडतो तो भोवतालच्या पदार्थामुळे. द्रव रेझिनपुढे पापुद्रा अनंतपट कडक असतो. क्युअर झालेल्या इपॉक्सीपुढे मात्र तो फार तर तीनशे-साडेतीनशे पट, आणि तेही कागदावर. त्यामुळे पापुद्र्याच्या आकाराचा पूर्ण फायदा, किंवा तोटा म्हणा, द्रवात मिळतो. घनात तो कापला जातो.

आणि जाळ्याचं तर आणखी वेगळं. ऱ्हिओमीटरवर (वाहणं मोजणाऱ्या यंत्रावर) अर्धा-एक टक्का ग्राफीनचं न क्युअर झालेलं रेझिन हळूहळू हलवलं, की जाळं स्वतःचा ताठपणा दाखवतं: काही दहा ते काही शे पास्कल. द्रवासाठी हे प्रचंड आहे. ते आता आपलं आपण वाहत नाही, ओघळत नाही, साच्यात सपाट होत नाही. पण क्युअर झाल्यावर इपॉक्सीचा मॉड्युलस ३०० कोटी पास्कल. त्यात जाळ्याचे शंभर पास्कल कुठे मोजणार? पापुद्रे एकमेकांना व्हॅन डर वाल्स ओढीने (रेणूंमधल्या कमकुवत आकर्षणाने) नुसते टेकलेले असतात. बादलीत ही ओढ सगळा कारभार चालवते, घनात तिला काही स्थान नाही.

म्हणून "मिश्रण छान घट्ट झालं, म्हणजे ताठपणा येणार" हा निष्कर्ष काढू नका. घट्टपणाचा मोठा भाग अशा गोष्टीतून येतो जी क्युअर झाल्यावर काहीच उचलत नाही.

---

भोसरीकर

प्रवाहीताई, हे शंभर पास्कल आणि तीनशे कोटी पास्कल मी दुकानातल्या फळ्यावर लिहून ठेवणार आहे.

इन्फ्युजनच्या बाजूने थोडं. आमचं इन्फ्युजनचं रेझिन हार्डनरसकट २०० ते ४०० सीपीएस (व्हिस्कॉसिटीचं एकक) असतं. शुद्ध डीजीईबीए (नेहमीचं मूळ इपॉक्सी) रेझिन खोलीच्या तापमानाला ११ ते १४ हजार सीपीएस, ते तसं इन्फ्युजनला चालतच नाही, म्हणून त्यात डायल्यूएंट (पातळ करणारा द्रव) असतो. कापडातून रेझिन ओढायला आमच्याकडे जास्तीत जास्त एक वातावरणाचा दाब. त्यापेक्षा जास्त व्हॅक्यूम जगात कुणाकडे नाही. डार्सीच्या नियमाने (सच्छिद्र वस्तूतून द्रव वाहण्याच्या नियमाने) भरायचा वेळ व्हिस्कॉसिटीच्या प्रमाणात आणि लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पॉट लाइफ (मिश्रण वापरता येण्याचा वेळ) तर ठरलेली. म्हणजे ३०० सीपीएसचं रेझिन १२०० झालं की त्याच वेळात निम्मीच लांबी भरेल. मीटरभर भरणारा पार्ट अर्ध्या मीटरवर अडकला तर अख्खं कापड भंगारात.

दुसरी अडचण यापेक्षा वाईट आहे. काचेचा तंतू १५-२० मायक्रॉनचा, कार्बनचा ७. तंतूंच्या जुडग्यातल्या फटी त्याहून लहान. त्यातून ५ ते २५ मायक्रॉनचे पापुद्रे कसे जाणार? आम्ही एका पांढऱ्या काचेच्या पॅनेलवर करून पाहिलं. रेझिन जिथून आत शिरतं तिथे काळंभोर, पुढे राखाडी होत होत दुसऱ्या टोकाला जवळपास पांढरं. कापडाने चाळणीचं काम चोख केलं होतं. त्या पॅनेलचा "अर्धा टक्का ग्राफीन" म्हणजे नक्की कुठला भाग मोजायचा?

गरम करून वाहवण्याचा सल्ला बरेच जण देतात. ६० अंशांना रेझिनची व्हिस्कॉसिटी एक दशांशाच्याही खाली येते हे खरं. पण जाळं तापमानाने तेवढं सैल होत नाही, आणि हार्डनर घातलेलं रेझिन ६० अंशांना हातात फार वेळ टिकतही नाही.

---

जुना_रंगारी

भोसरीकर, त्या चाळणीवरून आठवलं. मिसळण्याबद्दल एक गोष्ट उलटी वाटेल पण खरी आहे. गुठळी फोडायला पातळ रेझिन वाईट. गुठळीवर पडणारा ताण म्हणजे व्हिस्कॉसिटी गुणिले शिअरचा (थर एकमेकांवरून सरकण्याचा) वेग. पातळ द्रवात स्टरर कितीही जोरात फिरवा, गुठळ्या त्याच्याबरोबर नुसत्या फिरतात. म्हणून रंगवाले आधी घट्ट पेस्ट करतात, तिला ट्रिपल रोल मिलवर (तीन रुळांच्या चक्कीवर) दळतात आणि मग लेटडाउन करतात (उरलेलं रेझिन घालून पातळ करतात). ग्राफीनलाही तसंच करा. ५ ते १० टक्क्यांची पेस्ट करा, रोल थंड ठेवा, फट पायरीपायरीने ५ मायक्रॉनपर्यंत आणा. रेझिन रोलवर गरम करू नका, ताण निघून जातो. सोनिकेटरपेक्षा मला हे बरं वाटतं, कारण सोनिकेटर गुठळ्यांबरोबर पापुद्रेही तोडतो, आणि पापुद्र्याची रुंदी हीच तर आपण पैसे मोजून घेतलेली वस्तू. शिवाय मिलमध्ये ॲसिटोन लागतच नाही.

मग ग्राइंड गेजवर (उतरत्या खोलीच्या खाचेतून कणांचा आकार दाखवणाऱ्या पट्टीवर) थेंब ठेवा आणि पाते ओढा. रेघा कुठून सुरू होतात ते बघा. २५ मायक्रॉनच्या पापुद्र्याची पावडर असेल तर गेज शून्याला जाणार नाही, ती पावडरीची रुंदी आहे. पण ७०-८० मायक्रॉनला रेघा उठत असतील तर पेस्ट परत मिलवर.

सुकी पावडर उघडताना मास्क लावा. हार्डनरला हातमोजे. हार्डनरमधल्या अमाइनची ॲलर्जी एकदा बसली की जन्मभर पिच्छा सोडत नाही, आमच्या खात्यातल्या चांगल्या चांगल्या माणसांना काम बदलावं लागलं आहे.

---

दर्यावर्दी_मालवण

मी फायबरच्या होड्या करतो. बहुतेक पॉलिएस्टरमध्ये, गिऱ्हाईक पैसे देणारं असेल तर इपॉक्सीत. मला एका एजंटने सांगितलं की ग्राफीन घातलं की तळाचा थर कमी करता येईल, होडी हलकी होईल. वरची चर्चा वाचून वाटतंय की यात काही दम नाही. साध्या भाषेत सांगाल का?

---

भोसरीकर

भाऊ, साधा हिशोब. पाटीचा वाकण्याला विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. समजा ग्राफीनने लॅमिनेटचा (कापड-रेझिनच्या थरांच्या पाटीचा) मॉड्युलस खरोखर १० टक्के वाढला. तेवढाच विरोध जाडी फक्त ३.२ टक्के वाढवून मिळतो. १० मिलिमीटरच्या तळाला तिसरा हिस्सा मिलिमीटर, एका हलक्या मॅटच्या थरापेक्षाही कमी.

आणि ते १० टक्केही लॅमिनेटला मिळणार नाहीत. काचेच्या लॅमिनेटमध्ये तंतूंच्या दिशेचा ताठपणा तंतू देतात. काच ७० गिगापास्कल, रेझिन ३. रेझिन ३ चं ३.३ झालं तर तंतूंच्या दिशेने फरक जवळपास दिसतच नाही. थरांमधला शिअर, आडवा ताठपणा, भेगा पसरणं, म्हणजे जिथे रेझिनच भार घेतं तिथे ग्राफीनचा उपयोग असू शकतो. तुम्हाला होडी हलकी करायची असेल तर मधे फोमचा गाभा घाला. तळाची जाडी कमी करू नका, समुद्रात माणसं जातात त्यात.

---

दर्यावर्दी_मालवण

समजलं. एजंटला नाही सांगतो. जेलकोटच्या (होडीवरच्या बाहेरच्या रेझिन थराच्या) खाली पाणी मुरू नये म्हणून ग्राफीनचा उपयोग होतो का, ते मात्र विचारायचं आहे. वेगळा धागा काढतो.

---

मैत्रेयी_सांगली

काका, तुमचं बरोबर निघालं. भिंगाखाली एक टक्क्याच्या तुटलेल्या तोंडावर गोल खळगेच खळगे आहेत. आणि साध्या इपॉक्सीत आम्ही ॲसिटोन घातलं नव्हतं, सरळ हार्डनर मिसळून ओतलं होतं. नवीन नमुने करायला सरांनी परवानगी दिली आहे.

दोन प्रश्न. हवा काढायची कशी? व्हॅक्यूम डेसिकेटर आहे आमच्याकडे, पण एक टक्क्याचं मिश्रण फुगून वर येतं आणि तसंच राहतं. आणि यूटीएमवर (नमुना ओढून तपासणाऱ्या यंत्रावर) मॉड्युलस काढताना आम्ही जबड्यांच्या हालचालीवरून स्ट्रेन (लांबीतला सापेक्ष बदल) काढला, तो चालेल का?

---

प्रवाही

दुसरा प्रश्न आधी, कारण तो जास्त महत्त्वाचा आहे. नाही चालणार. जबड्यांच्या हालचालीत नमुन्याचं घसरणं, पकडीचं दबणं, यंत्राच्या सांगाड्याचं ताणलं जाणं हे सगळं मिसळलेलं असतं. त्यातून येणारा मॉड्युलस खऱ्याच्या खूप खाली येतो आणि नमुन्यागणिक बदलतो. तुम्ही ५-१० टक्क्यांचा फरक शोधताय, तो या गोंधळात बुडून जाईल. एक्स्टेन्सोमीटर (नमुन्यावरच बसून लांबीतला बदल मोजणारं साधन) लावा. विभागात नसेल तर सिव्हिलवाल्यांकडे स्ट्रेन गेज असतात, ते चिकटवा. तेही जमत नसेल तर तीन बिंदूंवरची फ्लेक्सुरल (वाकवण्याची) चाचणी करा, तिथे पकडीचा प्रश्न येत नाही, मात्र यंत्राचं स्वतःचं दबणं एका जाड पोलादी पट्टीवर मोजून वजा करा.

आता हवा. द्रवाला यील्ड स्ट्रेस (वाहणं सुरू होण्यासाठी लागणारा किमान ताण) असेल तर बुडबुडा वर येण्यासाठी त्याच्या उत्प्लावनाने तो ताण ओलांडावा लागतो. एक मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यासाठी हा ताण एक-दोन पास्कल इतकाच भरतो. म्हणजे तुमच्या जाळ्याचा यील्ड स्ट्रेस दोन-तीन पास्कल असला तरी मिलिमीटरएवढा बुडबुडाही तिथेच अडकून बसेल, बारीक बुडबुड्यांची तर गोष्टच सोडा. नुसतं थांबून उपयोग नाही, कारण थांबल्याने जाळं आणखी घट्ट होतं. तीन गोष्टी करा. हार्डनर घालण्याआधीच हवा काढा, मिश्रण ५०-६० अंशांवर ठेवून. व्हॅक्यूम मधूनच सोडा आणि परत लावा, बुडबुडे फुगतात-आक्रसतात तेव्हा आजूबाजूचं जाळं तुटतं. आणि शक्य असेल तर व्हॅक्यूममध्ये असतानाच हळू ढवळत राहा. मग खोलीच्या तापमानाला आणून हार्डनर हलक्या हाताने मिसळा, नवीन हवा मारू नका.

खरं तर मी एक टक्क्याचा नमुना टाकूनच देईन. ०.०५, ०.१, ०.२, ०.३ असे घ्या. जाळ्याच्या हद्दीखाली काय होतं ते जास्त शिकवेल.

---

भोसरीकर

सहमत. प्रवाहीताई, एक विचारतो. पापुद्रा जितका मोठा तितका ताठपणाला चांगला, असं वाचलं होतं. मग वाहण्यासाठी लहान घ्यायचा आणि ताठपणासाठी मोठा, हे जमवायचं कसं?

---

प्रवाही

इथेच खरी ओढाताण आहे. मँचेस्टरमध्ये रॉबर्ट यंग यांच्या गटाने २०१० मध्ये एका थराचं ग्राफीन पॉलिमरवर चिकटवून ताणलं आणि रमन स्पेक्ट्रमने (विखुरलेल्या लेसर प्रकाशावरून) पापुद्र्यातला ताण जागोजागी मोजला. पापुद्र्याच्या कडांवर ताण शून्य, आत जाईल तसा वाढत मधे पूर्ण. कडेचा तो काही मायक्रॉनचा पट्टा भार घेतच नाही. त्यांचा निष्कर्ष असा की चांगला आधार हवा तर पापुद्रा ३० मायक्रॉनपेक्षा मोठा हवा. २ मायक्रॉनचा पापुद्रा म्हणजे सगळी कडाच. पण ३० मायक्रॉनचा पापुद्रा त्याच जाडीला घेतला की जाळं कितीतरी कमी प्रमाणातच जमतं, आणि भोसरीकरांच्या कापडात तो शिरणार नाही.

त्याच गटाने पुढे दाखवलं की दोन थर एका थराइतकेच चांगले, त्यानंतर मात्र थर वाढतील तसा आतल्या थरांचा उपयोग घटत जातो. ताण बाहेरच्या थरांकडे येतो आणि आतले थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकमेकांवरून सरकतात. ७ नॅनोमीटरच्या प्लेटलेटमध्ये असे वीसेक थर असतात. त्यामुळे हिशोबात १००० गिगापास्कल धरणं हेच मुळात चूक. प्रत्यक्ष पॉलिमरमध्ये पापुद्र्याचा परिणामकारक मॉड्युलस भोवतालचं मॅट्रिक्स (इथे रेझिन) किती ताठ आहे त्यावर ठरतो, आणि बहुतेक वेळा तो हजारच्या जवळपासही नसतो.

म्हणून माझं मत: कास्टिंग, चिकटवण्याची पेस्ट, टूलिंग, कोटिंग इथे मोठा पापुद्रा, कमी प्रमाण. ओघळू नये अशी चिकटवण्याची पेस्ट हवी असेल तर यील्ड स्ट्रेस कामालाच येतो. इन्फ्युजनमध्ये ग्राफीन नको. हवंच असेल तर कापडावर आधी फवारून घ्या, रेझिन साधं ठेवा.

---

जुना_रंगारी

पावडर विकत घेणाऱ्यांसाठी. २०१८ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या गटाने जगभरच्या ६० उत्पादकांचं "ग्राफीन" तपासलं. दहा थरांपर्यंतचे पापुद्रे ग्राफीन धरले, तरी बहुतेकांच्या मालात त्यांचं प्रमाण १० टक्क्यांच्या खाली. एकाही नमुन्यात ते निम्म्याच्या वर गेलं नाही. उरलेलं बारीक ग्रॅफाइटच. तेव्हा सर्टिफिकेटवर थरांची संख्या, रुंदीचं वितरण आणि बीईटी पृष्ठफळ (वायू शोषून मोजलेलं ग्रॅममागचं पृष्ठफळ) मागा. एकेरी थराचं सैद्धांतिक पृष्ठफळ ग्रॅममागे २६३० चौरस मीटर. तुमच्या मालाचं १२०-१५० असेल तर तो वीस-एक थरांचा आहे, त्याच भावाने घ्या.

---

मैत्रेयी_सांगली

आमच्या डब्यावर "मल्टीलेयर" एवढंच आहे. बीईटीसाठी जवळच्या विद्यापीठात विचारते.

सरांनी ग्राफीन ऑक्साइडही सुचवलं आहे, ते रेझिनमध्ये चांगलं पसरतं म्हणून. घ्यावं का?

---

प्रवाही

पसरतं चांगलं हे खरं. त्याच्यावरचे ऑक्सिजनचे गट रेझिनशी जुळवून घेतात. पण त्याचा स्वतःचा मॉड्युलस २०० गिगापास्कलच्या आसपास उतरलेला असतो, आणि ते गट अमाइनशी आणि क्युअरच्या क्रियेशी खेळतात. क्युअर लवकर सुरू होऊ शकतो, रेझिन-हार्डनरचं प्रमाण थोडं हलू शकतं. ताठपणात फरक दिसला तर तो पापुद्र्याचा की बदललेल्या क्युअरचा, हे वेगळं काढायला डीएससीवर (उष्णतेतला बदल मोजणाऱ्या यंत्रावर) प्रत्येक नमुन्याचा टीजी (ज्या तापमानाला इपॉक्सी मऊ पडतं ते) आणि उरलेली उष्णता मोजावी लागेल. एका प्रोजेक्टमध्ये दोन्ही घेऊ नका. साधी प्लेटलेट घ्या, पोस्ट-क्युअर (नंतरचं तापवणं) सगळ्या नमुन्यांना एकाच ओव्हनमध्ये एकाच वेळी द्या, आणि टीजी तरीही मोजा.

---

मैत्रेयी_सांगली

ठरलं. शेवटचं: व्हिस्कॉसिटी मोजायला आमच्याकडे ऱ्हिओमीटर नाही. केमिकल विभागात ब्रुकफील्ड (फिरत्या स्पिंडलचं व्हिस्कॉमीटर) आहे आणि फोर्ड कप (तळाला भोक असलेला कप) आहे. त्यावर काही कळेल का?

---

जुना_रंगारी

फोर्ड कप विसर, यील्ड स्ट्रेस असलेला माल त्यातून नीट पडत नाही आणि मिळेल तो एकच आकडा. ब्रुकफील्ड पुरेसा आहे. स्पिंडल तोच ठेवून ५ आरपीएम आणि ५० आरपीएमला वाचन घे, ५ चं ५० ने भाग. साध्या रेझिनला उत्तर एकच्या आसपास येईल. जाळं जमायला लागलं की दोन, तीन, पुढे. कितव्या टक्क्याला ते उडी मारतं ते तुझ्या ताठपणाच्या आलेखाशेजारी मांड. वाचन घेण्याआधी प्रत्येक नमुना सारखाच ढवळ आणि सारखाच वेळ शांत ठेव, नाहीतर जाळं किती जमलंय ते दर वेळी वेगळं येईल. तापमान २५ अंशांना बांधून ठेव, वॉटर बाथ नसेल तर भांडं पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेव आणि थर्मामीटर रेझिनमध्ये धर, पाण्यात नाही. हे सगळं हार्डनर घालण्याआधी.